फॅन्टसीतली ती माणसं जी शेवटपर्यंत कळतच नाहीत

जांबोटी_रोड

पाऊस असा लागलाय की दोन दिवस समोरचं दुकान नीट दिसेना. बेळगावच्या शहापुरात आमचं साड्यांचं दुकान आहे, आषाढात लग्न नाही मुंज नाही, गिऱ्हाईक म्हणजे पाऊस थांबेपर्यंत आडोशाला उभं राहून "ही कितीला ओ" विचारणारं. त्यामुळं गल्ल्यावर बसून 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' तिसऱ्यांदा वाचायला काढलंय.

भाचा सुट्टीला आलाय, नववीत आहे, तो पण वाचतोय, माझ्यापेक्षा पुढं आहे. काल विचारतो, मामा हा टॉम बॉम्बॅडिल नेमका कोण? मी म्हटलं माहीत नाही. तो म्हणतो माहीत नाही म्हणजे, तू तीनदा वाचलंस ना? अर्ध्या तासानं नेटवरनं सात थिअरी घेऊन आला. तो देव आहे, तो त्या भूमीचा आत्मा आहे, तो सृष्टीच्या आधीच्या गाण्याचा उरलेला तुकडा आहे, तो म्हणजे वाचकच आहे, आणखी काय काय. आणि प्रत्येक थिअरी ऐकताना मला वाटत होतं की कुणीतरी माझ्या ताटातला मांडा उचलून हा किती ग्रॅमचा ते सांगतंय.

ज्यांनी फक्त पिक्चर बघितलाय त्यांच्यासाठी, बॉम्बॅडिल 2001 च्या पिक्चरमध्ये नाहीच, गाळलाय. पुस्तकात तो रानात राहतो, निळा कोट, पिवळे बूट, टोपीत पीस, सारखा गात असतो. ज्या अंगठीपायी सगळं जग जळायला निघालंय ती तो बोटात घालतो आणि काहीच होत नाही, गायब होत नाही. उलट अंगठीच हवेत उडवून गायब करतो आणि परत काढून देतो, जत्रेतल्या जादूगारासारखी. कथेचा नायक फ्रोडो बॉम्बॅडिलच्या बायकोला विचारतो हा कोण, तर ती म्हणते, तो आहे. बस, एवढंच.

पुस्तकाचा लेखक टॉल्किननं 1954 साली एका पत्रात लिहून ठेवलंय की पुराणकाळातसुद्धा काही कोडी राहिलीच पाहिजेत आणि बॉम्बॅडिल हे त्यातलं एक, मुद्दाम ठेवलेलं. तरी लोकांना सोडवायचंच आहे.

तर प्रश्न असा की तुम्हाला अशी पात्रं, अशी जादू आवडते का, जिचा खुलासा होत नाही? का पुस्तक मिटल्यावर फसवल्यासारखं वाटतं? आणि विनंती, धागा सीमाप्रश्नावर नेऊ नका, मागच्या वेळी स्वयंपाकाच्या धाग्याचं काय झालं ते बघितलंय.

कुंदा_विदाउट_शुगर

पहिली!! आवडते. बाकीचं भाकरी झाल्यावर लिहितो. (नवीन लोकांसाठी, मी बाई आहे, आमच्याकडं बायका पण येतो जातो म्हणतात, पुण्याच्या लोकांनी दुरुस्त करू नये.)

उद्यमबाग_फौंड्री

मी विरोधी पक्ष.

मला न सांगितलेली जादू म्हणजे लेखकाची उधारी वाटते. नायक सातशे पानं मार खातो आणि शेवटच्या प्रकरणात त्याच्या हातातनं एकदम उजेड निघतो आणि सगळे शत्रू खलास. कसं? का? आधी का नाही निघाला? तर म्हणे गूढ आहे. मालक, हे गूढ नाही, हे आळस आहे. आमच्याकडं कास्टिंगमध्ये ब्लोहोल आला तर पार्टीला "गूढ आहे" सांगून चालत नाही, माल परत येतो.

फॅन्टसी लेखक ब्रँडन सँडरसननं 2007 मध्ये यावर नियमच लिहिलाय. सोप्या भाषेत, लेखक जादू वापरून अडचण सोडवणार असेल तर वाचकाला ती जादू जेवढी समजलेली असेल तेवढीच ती सुटका पटते. त्याच्या 'मिस्टबॉर्न'मध्ये (2006) लोक धातू गिळतात आणि पोटात 'जाळतात'. लोखंड जाळलं की आसपासचा धातू आपल्याकडं ओढायचा, पोलाद जाळलं की ढकलायचा. आणि ढकलताना समोरची वस्तू तुमच्यापेक्षा जड असेल किंवा जमिनीला टेकलेली असेल तर तुम्हीच मागं फेकले जाता. म्हणजे जमिनीवर नाणं टाकायचं, त्याला ढकलायचं, आपण वर उडायचं. मी ते वाचलं तेव्हा नाइट शिफ्ट होती, भट्टी चालू होती, आणि मला वाटलं हा माणूस आमच्यातला आहे. धातूचा स्वभाव माहीत असणं ही पण जादूच आहे की.

अथणी_चप्पल

फौंड्रीवाल्यांनी धातू गिळून बघू नये ही विनंती.

जांबोटी_रोड

फौंड्री, तुमचं एकदम मान्य, आणि तरी बॉम्बॅडिलला ते लागू होत नाही. तो अडचण सोडवतच नाही. पुढं सभा भरते, अंगठीचं काय करायचं, तर कुणीतरी सुचवतं की बॉम्बॅडिलला देऊन टाकू, त्याच्यावर तिचा असर होत नाही. जादूगार गँडाल्फ म्हणतो, नको, तो ती ठेवून विसरून जाईल, नाहीतर फेकून देईल, असल्या गोष्टी त्याच्या मनात टिकत नाहीत. म्हणजे बघा, सगळ्यात मोठी ताकद आणि कथेला उपयोग शून्य. मला हे इतकं आवडतं. आमच्या गल्लीत असा एक म्हातारा होता, सगळ्यांच्या भांडणात दोन्ही बाजू त्याला पंच करायला बघायच्या आणि तो पतंग उडवत बसायचा.

उद्यमबाग_फौंड्री

सोडवत नाही कसं? दोनदा वाचवतो की फ्रोडो आणि त्याच्या दोस्तांना. एकदा झाडाच्या ढोलीतनं आणि एकदा थडग्यातल्या भुतापासनं. दोन्ही वेळा येतो, गाणं म्हणतो, झालं. हे माझ्या व्याख्येत बसतं, उधारी.

जांबोटी_रोड

हां. हे खरंय. याचं उत्तर लगेच नाही माझ्याकडं. चहा घेऊन येतो.

चोर्ला_धुकं

मी सांगू का, मी रोज बेळगाव-गोवा गाडी मारणारा माणूस, पुस्तकं ऐकतो, वाचत नाही. तो दोनदा वाचवतो ते त्याच्या हद्दीत. गँडाल्फच सांगतो की तो आता एका छोट्या मुलखात राहतो, त्याच्या सीमा त्यानं स्वतःच आखल्यात, दुसऱ्या कुणाला त्या दिसत नाहीत, आणि तो त्या ओलांडत नाही. त्या सीमेच्या आत तो राजा, बाहेर पाय टाकत नाही. म्हणजे नियम आहे की! फक्त कारण सांगितलेलं नाही.

अथणी_चप्पल

स्वतःच सीमा आखलेला आणि आत गात बसलेला. खरा सीमावासी निघाला हा.

जांबोटी_रोड

अरे नको म्हटलं होतं ना 😂

कुंदा_विदाउट_शुगर

भाकरी झाली.

मला गूढ पात्र संपल्याचं दुःख पहिल्यांदा झालं ते 1999 च्या स्टार वॉर्सच्या पिक्चरला. जुन्या तीन भागांत ती 'फोर्स' म्हणजे काय तर सगळ्या जिवंत गोष्टींतनं वाहणारं काहीतरी, एवढंच सांगितलेलं, एक म्हातारा डोळे मिटून सांगतो आणि आपल्याला पटतं. नव्या भागात काय, तर पोराचं रक्त काढलं, तपासलं, आणि रक्तात ते बारीक जंतू 20,000 च्या वर आहेत म्हणून पोरगा भारी. म्हणजे फास्टिंग आणि पीपी! मी डायबेटीसवाला माणूस, दर महिन्याला लॅबमध्ये हेच करतो, पिक्चरला पण तेच बघायला जाऊ?

आकडा सांगितला की गोष्ट मोठी होत नाही, मावते. मावली की संपली. माझ्या मते एवढंच आहे बाकी सगळं तुम्ही पोरं लांबण लावताय.

निपाणीची_वखार

लांबण लावायला आम्ही पोरं नाही बाई, मी अडुसष्ट वर्षांचा आहे. तंबाखूच्या वखारीत हिशेबनीस होतो, रिटायर होऊन वाचायला लागलो.

तुमची ही इंग्रजी पुस्तकं मी फार वाचलेली नाहीत. पण विक्रम-वेताळ चांदोबात वाचत वाढलेली आमची पिढी. तुम्ही नियम आणि कारण म्हणताय ना, तिथं बघा. नियम स्वच्छ आहे. राजा बोलला की वेताळ उडाला आणि परत झाडावर. उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होऊन पायाशी पडतील. एवढा कडक नियम की आठवीतल्या पोराला पाठ. पण मढं बोलतं कसं? ते कुणी विचारलं का? आजवर एकाही पोरानं मला विचारलं नाही, माझ्या नातवंडांनी पण नाही. त्यांना फक्त पुढचं कोडं पाहिजे असतं.

आणि अजून एक. मूळच्या गोष्टीत शेवटच्या कोड्याला राजाला उत्तर येत नाही. बाप आणि मुलगा लग्न करतात, बापाची बायको मुलगी आणि मुलाची बायको तिची आई, मग त्यांच्या पोरांचं एकमेकांशी नातं काय? राजा विचार करत गप्प चालत राहतो. तेव्हाच वेताळ खूश होतो आणि त्या जोग्याचा डाव सांगून राजाचा जीव वाचवतो. सगळी उत्तरं देत होता तोवर नुसत्या खेपा चालल्या होत्या.

उद्यमबाग_फौंड्री

काका, हे भारी आहे. पण यात नियम आहे म्हणून मी खूश आहे, हे नोंदवून ठेवा.

मलप्रभा

खानापूरकडची. बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं, पासवर्ड विसरला होता.

उर्सुला ले ग्विनचं अर्थसी (पहिलं पुस्तक 1968 चं) वाचलंय का कुणी? तिथं प्रत्येक गोष्टीचं एक खरं नाव असतं, ते कळलं की तिच्यावर ताबा येतो, म्हणून माणसं आपलं खरं नाव कुणाला सांगत नाहीत, अगदी जवळच्यालाच. हा नियम मला कुणी समजावून सांगायची गरजच पडली नाही. आमच्या घरी रात्री साप म्हणायचं नाही, लांबडं म्हणायचं, नाहीतर नुसतं जनावर. का म्हणून विचारलं तर आज्जी म्हणायची "नाव घेतलं की येतंय." बास. घर रानाला लागून, आणि खरंच यायचंही, त्यामुळं कुणी प्रयोग करून बघितला नाही. मी इंग्रजी पुस्तकात तेच वाचलं तेव्हा वाटलं ही बाई आमच्या पडवीत बसून गेलीय.

तर माझं म्हणणं हे की गूढ कुठं वाटतं, तर जिथं पुस्तकातली माणसं त्या गोष्टीबरोबर रोज राहतात. ती चकित होत नाहीत. चूल पेटवतात, लांबडं म्हणतात, झोपतात. लेखक स्वतःच "बघा बघा किती गूढ" करायला लागला, काळे झगे, धुकं, प्रत्येक वाक्याच्या शेवटी तीन टिंबं, की मला हसू येतं.

चोर्ला_धुकं

धुक्याला मधे आणू नका 😄

आता मोठी पोस्ट आहे, गाडी लावून टाइप करतोय, कणकुंबीच्या पुढं झाड पडलंय, जेसीबीची वाट बघतोय. सुझॅना क्लार्कचं 'जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल', 2004 चं. स्पॉयलर आहे, वाचायचं असेल तर पुढची पोस्ट सोडा. नेपोलियनच्या काळातलं इंग्लंड, दोन जादूगार, एक पुस्तकी किडा आणि एक उनाड. पण पुस्तकभर ज्याच्याबद्दल सगळे बोलतात तो तिसराच, कावळ्यांचा राजा, रेव्हन किंग. त्यानं म्हणे उत्तर इंग्लंडवर तीनशे वर्षं राज्य केलं आणि एक दिवस निघून गेला. पानापानाला तळटीपा आहेत, त्यात त्याच्या दंतकथा, खोट्या पुस्तकांचे दाखले, कुठल्या गावात त्याच्याबद्दल काय म्हणतात, असं करत करत तो माणूस तुमच्या डोक्यात घर करतो आणि तो अजून एकदाही आलेला नाही!

आणि येतो तेव्हा? हजार पानांच्या जवळ आल्यावर माळरानावर येतो, थोडा वेळ, एका मेलेल्या माणसाला उठवतो आणि जातो. ते दोन मोठे जादूगार ज्यांनी आयुष्य घालवलं त्याच्यामागं, त्यांना दर्शन नाहीच. जो नोकर तिथं हजर असतो तो त्याला ओळखत नाही, नंतर विसरून पण जातो. मी ते ऐकताना घाटात होतो, गाडी बाजूला घेतली आणि तेवढा भाग परत ऐकला. माझा क्लीनर विचारतो काय झालं, मी म्हटलं राजा येऊन गेला. तो म्हणाला कधी?

अथणी_चप्पल

क्लीनरला पण दर्शन नाही. पुस्तकाप्रमाणंच झालं.

जांबोटी_रोड

धुकं, तुमच्या पोस्टवरनं माझं एक आठवलं, जुनं, कुणाला सांगितलेलं नाही.

लहानपणी आमच्या गल्लीत पहाटे पिंगळा यायचा. चार साडेचार वाजता, हातात कंदील, कुडबुड्याचा तो आवाज, आणि दारात उभं राहून घरात काय होणार ते सांगायचा. आम्ही पोरं गोधडीत श्वास धरून. आज्जी सुपात जोंधळे घेऊन जायची, तो काहीतरी पुटपुटायचा, ती मान हलवायची, आणि उजाडल्यावर विचारलं तर म्हणायची तुला काय करायचंय. त्याचं तोंड मी कधी नीट बघितलं नाही. तो दिवसा कुठं असतो, राहतो कुठं, त्याला बायकापोरं आहेत का, हे प्रश्न पण पडले नाहीत, जसा पाऊस येतो तसा तो यायचा.

मग दहावीत असताना सीबीटी बसस्टँडवर बसची वाट बघत होतो, सकाळचे सात, आणि शेजारच्या बाकावर तोच! तोच कोट, तोच कंदील विझवून पायाशी ठेवलेला, आणि हा गडी वडापाव खातोय, मिरची बाजूला काढून. मिरची बाजूला काढून!! मला इतकं वाईट वाटलं की मी दुसऱ्या फलाटावर जाऊन उभा राहिलो. माझी बस चुकली त्यात.

मला वाटतं लोक जेव्हा बॉम्बॅडिलची थिअरी करतात तेव्हा ते त्याला सीबीटीवर वडापाव खाताना बघायचा प्रयत्न करत असतात.

कुंदा_विदाउट_शुगर

छे. मला उलटं वाटतं. मिरची बाजूला काढणारा पिंगळा जास्त गूढ आहे. रोज पहाटे दुसऱ्यांचं नशीब सांगणारा माणूस, त्याला तिखट सोसत नाही? का बरं? आणि जात कुठं होता तो, कुठल्या बसला बसला, ते बघितलंस का? नाही! पळालास! नाहीतर आज आम्हाला कळलं असतं.

जांबोटी_रोड

😶 हे कधी सुचलंच नाही. 27 वर्षं झाली.

उद्यमबाग_फौंड्री

कुंदाताईंचं बरोबर आहे आणि त्यामुळं माझ्या पक्षाची अडचण झालीय, तरी प्रामाणिकपणे लिहितो.

माहिती दिली म्हणून गूढ मरतंच असं नाही, हे मी कामावर बघितलंय. मी लागलो तेव्हा आमच्याकडं एक मोल्डर मिस्त्री होते, शाळा चौथी. आता आमच्याकडं पायरोमीटर आहे, लेडलमधल्या लोखंडाचं टेंपरेचर आकड्यात येतं, 1400 च्या आसपास असेल तर ओता. त्यांच्या वेळी नव्हतं. ते काळ्या काचेतनं रसाकडं बघायचे, थोडा वेळ, आणि म्हणायचे "ओत" किंवा "थांब". कशावरनं ते विचारलं तर म्हणायचे "रंग पिकला की कळतं". कुठला रंग? केशरी? पिवळा? "पिकलेला." बास एवढंच. पायरोमीटर आल्यावर आम्ही पोरांनी मुद्दाम खेळ म्हणून ताडून बघितलं, आधी ते सांगणार मग आम्ही मोजणार. क्वचित चुकायचे. आणि मजा म्हणजे मोजल्यामुळं त्यांचा दरारा कमी झाला नाही, वाढलाच. आकडा आमच्याकडं होता, पण तो त्यांच्या डोळ्यात कुठनं येतो ते आकड्यानं सांगितलं नाही.

तेव्हा माझी सुधारित भूमिका अशी, जादूचा नियम मला कळला पाहिजे, निदान लेखकाला तरी माहीत असला पाहिजे आणि त्यानं तो मोडू नये. पण जादूगार नाही कळला तरी चालेल.

निपाणीची_वखार

लेखकाला माहीत असलाच पाहिजे असं का?

जांबोटी_रोड

काकांचा प्रश्न बेस्ट आहे आणि याचा पुरावा माझ्याकडं आहे. मोरियाच्या खाणींच्या अंधारात फ्रोडोच्या सोबतचा ॲरागॉर्न म्हणतो, काळजी करू नका, गँडाल्फ आंधळ्या रात्री राणी बेरुथिएलच्या मांजरांपेक्षा पण नीट घरची वाट शोधेल. कोण राणी, कसली मांजरं, काही नाही, पुढं चला. टॉल्किननं स्वतः 1955 मध्ये एका पत्रात कबूल केलंय की या मांजरांबद्दल मला अजून काही सापडलेलं नाही. 'सापडलेलं नाही' हे बघा, 'सुचलेलं नाही' नाही! म्हणजे लेखक पण आपल्यासारखाच कंदील घेऊन बाहेर उभा. नंतर त्यानं थोडीफार टिपणं केली त्या राणीवर, तो गेल्यावर 1980 च्या पुस्तकात ती आली, मी वाचली. चांगली आहेत, वाईट नाहीत. पण माझ्या डोक्यातली मांजरं मोठी होती.

मलप्रभा

इथं आपल्या माणसाचं नाव कसं अजून कुणी घेतलं नाही? जीए, जी. ए. कुलकर्णी! बेळगावात शिकलेला माणूस, कितीतरी वर्षं धारवाडात राहून इंग्रजी शिकवलं आणि मराठीत लिहिलं. 'रमलखुणा' (1975) मधल्या 'इस्किलार' आणि 'प्रवासी' या दोन दीर्घकथा, त्याला फॅन्टसी म्हणायचं धाडस मराठीत कुणी करत नाही पण नाहीतर काय म्हणायचं? कुठला देश, कुठला काळ, पत्ता नाही. मी कॉलेजात वाचलं तेव्हा निम्मं कळलं नाही आणि तीन दिवस कुणाशी बोलावंसं वाटेना.

आणि हा माणूस स्वतःच तुमच्या या धाग्यातला. काळा चष्मा, फोटो नको, सभा-संमेलनं नकोत. आमच्याकडं कडोलीला, उचगावला, येळ्ळूरला, गावोगावी साहित्य संमेलनं भरतात, ग्रंथदिंडी निघते, बायका डोक्यावर कळशी घेऊन चालतात, मला ते सगळं फार आवडतं, पण कधीतरी वाटतं की त्या गर्दीत मागं कुठंतरी काळा चष्मा लावून एक जण उभा असेल आणि भाषण सुरू व्हायच्या आधी निघून जाईल.

निपाणीची_वखार

जीए 1987 ला गेले, मलप्रभाबाई.

मलप्रभा

माहीत आहे ओ काका. म्हणून तर.

अथणी_चप्पल

👏 (पहिल्यांदाच विनोद सुचला नाही)

कुंदा_विदाउट_शुगर

मला एक सांगा, आपल्यालाच हे जास्त आवडतं का? म्हणजे इकडच्या लोकांना? माझी पुण्याची वहिनी पुस्तक वाचताना एक शब्द अडला की डिक्शनरी काढते. मी नाही काढत. मला सवयच आहे अर्धवट कळायची. लहानपणी बसवरची पाटी कानडी, रेडिओ लावला तर धारवाड केंद्र, शेजारच्या मावशी कानडीतनं भांडायच्या आणि मधेच मराठीतनं रडायच्या, निम्मं कळायचं, निम्मं आपण भरायचं. आणि जे भरायचो ते खऱ्यापेक्षा भारी असायचं.

चोर्ला_धुकं

हे मात्र कुणी असं मांडलं नव्हतं. झाड निघालं, जातो. रात्री वाचतो.

मलप्रभा

कुंदाताई, तुम्ही हे लिहिलंत म्हणून आता सांगते, नाहीतर सांगणार नव्हते.

आमची आज्जी बैलहोंगलकडची, माहेरची भाषा कानडी. लग्न होऊन आली आणि मराठी झाली, पण जात्यावर बसली की गाणं कानडीच. दळणाची गाणी, लांबच लांब, एकच चाल. मला तेव्हा कानडी येत नव्हती. मी जात्याजवळ झोपायचे, पिठाचा वास आणि तो सूर. मी ठरवून टाकलं होतं की त्या गाण्यात एक राणी आहे, ती नदी ओलांडून येते आणि परत जाऊ शकत नाही. कशावरनं ठरवलं देव जाणे. वर्षानुवर्षं तीच गोष्ट ऐकत झोपले.

मग शाळेत कानडी आली, आठवी-नववीपर्यंत बऱ्यापैकी कळायला लागलं, आणि एक दिवस बसून नीट ऐकलं. तर राणी नाही, नदी नाही. जोंधळे महाग झालेत, सासू डाव्या हाताची आहे, भाऊ सणाला न्यायला आला नाही. बास. मला रडू आलं होतं. फौंड्रीवाल्यांच्या भाषेत मॅजिक सिस्टिम उघडी पडली.

उद्यमबाग_फौंड्री

मग? गाणं मेलं?

मलप्रभा

तेच सांगतेय. नाही मेलं, पण माझी राणी गेली ती गेली, त्याबद्दल खोटं बोलणार नाही. त्याच्या जागी आज्जी दिसायला लागली, न्यायला न आलेल्या भावाची. ती जास्त जड होती. कुठलं बरं, मला अजून ठरवता येत नाही.

पण एक राहिलं. प्रत्येक कडव्याच्या शेवटी एक शब्द यायचा, तोच तो. तो मला कळेना. आज्जीला विचारलं तर म्हणाली तो तसाच असतो. शाळेतल्या कानडीच्या बाईंना विचारलं, त्यांनाही माहीत नाही. मराठी नाही, कानडी नाही, देवाचं नाव नाही, गावाचं नाव नाही. आज्जी जाऊन आता सोळा वर्षं झाली.

उद्यमबाग_फौंड्री

कुठला शब्द? टाका इथं. आमच्याकडं दोन जण बैलहोंगलचे आहेत, एक सौंदत्तीचा, उद्या फर्स्ट शिफ्टला विचारतो, अर्ध्या तासात निकाल.

निपाणीची_वखार

जुनी तद्भव रूपं असतात, सांगा, मी पण बघतो. माझ्याकडं एक जुना कानडी-मराठी कोश आहे.

मलप्रभा

नको.

उद्यमबाग_फौंड्री

अहो पण

कुंदा_विदाउट_शुगर

फौंड्री, गप बसा.

जांबोटी_रोड

भाच्याला हा सगळा धागा वाचायला दिला. वाचला, काही बोलला नाही, पुस्तक घेऊन माळ्यावर गेलाय. पाऊस थोडा कमी झालाय, एक गिऱ्हाईक आलंय, खरं गिऱ्हाईक, इरकल दाखवा म्हणतंय.

उद्यमबाग_फौंड्री

बरं मलप्रभाताई, शब्द नका सांगू. किती अक्षरी आहे तेवढं तरी सांगा.

मलप्रभा

तीन.